पोत्यात धान्य की मीठ?

मे महिन्यात दिग्रसला दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. जोहरची नमाज आटोपली की गल्ली ओस पडते, घरोघरी कूलरचा तेवढा आवाज येत राहतो आणि सुट्टी लागलेली मुले घरात कोंडली जातात. मग एक तर मोबाइल, नाही तर भांडण. यंदा आमच्या घरी तिसरेच काही चालले होते. आमचा धाकटा गप्प होता. सातवीची परीक्षा देऊन बसलेला मुलगा, आणि महिनाभरात एकदाही समोरच्या घरी खेळायला गेला नव्हता.

समोरच्या घरचा मुलगा त्याच्याच वर्गातला. पहिलीपासूनची जोडी. ईदला शीरखुर्मा त्याच्याकडे आधी जातो आणि दिवाळीला चकल्यांचा डबा आमच्याकडे आधी येतो. काय बिनसले ते कळायला आम्हाला बरेच दिवस लागले. इतिहासाच्या तासाला देवगिरीचा विषय निघाला होता. मधल्या सुट्टीत हा मित्र म्हणाला, "तुमच्या अलाउद्दीननं आमची देवगिरी लुटली." हसतच म्हणाला असेल. बाकीची मुलेही हसली. आमचा मात्र हसला नाही.

आम्ही दोघांनी त्याची समजूत घातली. म्हणालो, "त्याला सांग, तो आमचा नव्हता."

त्याने विचारले, "मग कोणाचा होता?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे तयार नव्हते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न कधी ना कधी आला असेल, आणि आपणही आमच्यासारखेच "जाऊ दे, तू अभ्यास कर" म्हणून मोकळे झाला असाल.

त्याच आठवड्यात पुण्याला शिकणारा आमचा भाचा सुट्टीला आला. त्याने वसतिगृहात पाहिलेल्या एका खेळाबद्दल सांगितले. मोठ्या मेजावर डोंगर, नदी, तटबंदी मांडायची. बोटभर उंचीचे रंगवलेले सैनिक उभे करायचे. पट्टीने अंतर मोजून त्यांना पुढे सरकवायचे आणि चकमकीचा निकाल फासा टाकून ठरवायचा. जुनी एखादी खरी लढाई किंवा वेढा घ्यायचा आणि आपल्या हातून काय घडते ते पाहायचे. युरोप-अमेरिकेत मोठी माणसेसुद्धा हा खेळ तासन्तास खेळतात.

ऐकायला नवे वाटले, तरी याची मुळे आपल्याकडेही आहेत. आपल्या चतुरंगाचा इराणात शतरंज झाला आणि अरबांच्या हातून तो युरोपात गेला. हत्ती, घोडे, प्यादी, वजीर म्हणजे एक फौजच. पण शतरंजात एक गोष्ट खऱ्या लढाईसारखी नसते. दोन्ही खेळाडूंना सगळा पट दिसतो. समोरच्याने काय झाकून ठेवले आहे ही धाकधूक तिथे नसते. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने ही उणीव भरून काढणारा युद्धखेळ आपल्या सेनापतींना दाखवला. त्यात मध्ये एक पंच असे. दोन्ही बाजूंचे सगळे पंचाला ठाऊक, खेळाडूला मात्र फक्त त्याला दिसेल तेवढेच. सैन्याने तो खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने घरच्या फरशीवर खेळण्यातले सैनिक मांडून खेळायचे नियम पुस्तकरूपाने छापले, आणि हा खेळ छावणीतून घराघरात आला.

"आपणही करू या," भाचा म्हणाला. "कोणता वेढा घ्यायचा?"

धाकटा चटकन म्हणाला, "देवगिरी."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. जखमेवर बोट ठेवण्यासारखेच होते ते. पण मुलानेच निवडले होते, म्हणून आम्ही नाही म्हणालो नाही.

देवगिरी म्हणजे आजचा दौलताबाद. खुलदाबादच्या जियारतीहून परतताना आपल्यापैकी बरेच जण तिथे एस.टी.तून उतरले असतील. आज तिथे दिसणारे पुष्कळसे बांधकाम, तो उंच चाँद मिनारही, नंतरच्या काळातला आहे. पण चारी बाजूंनी तुटलेला तो सुळक्यासारखा डोंगर तोच. तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथे यादव राजा रामचंद्र, म्हणजेच रामदेवराव राज्य करत होता. त्याच्याच राज्यात १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्याचा मंत्री हेमाद्री याच्या नावाने ओळखली जाणारी काळ्या दगडाची हेमाडपंती देवळे आपल्या जिल्ह्यातही जागोजागी उभी आहेत.

खेळाचे सामान बाजारातून आणले असते तर खिसा रिकामा झाला असता. ते आम्ही घरातच उभे केले. फुटका माठ उपडा घालून त्यावर काळी माती लिंपली. झाला देवगिरीचा डोंगर. पायथ्याशी आगपेट्यांची वस्ती आणि तिच्याभोवती पऱ्हाटीच्या काड्यांचा तट. यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीला काय तोटा? शिपायीसुद्धा पऱ्हाटीचेच. बोटभर काडी मातीच्या गोळीत रोवायची आणि वर चिंधीचा फेटा. दादींनी आधीच बजावले होते, "बाहुले करा, पण नाकडोळे काढू नका." फेट्यांना रंग देताना भाच्याने हिरवा आणि भगवा कापड काढला, तेव्हा त्या पुन्हा म्हणाल्या, "हे दोन रंग सोडून शिवणाच्या पेटीत दुसरे रंग नाहीत का?" मग यादवांना पिवळा मिळाला आणि दिल्लीवाल्यांना निळा. घोडेस्वार म्हणजे चिंचोके. पायदळ एका चालीत चार बोटे सरकणार, घोडा एक वीत. फासा लुडोचा.

खरी गंमत होती पोत्यांची. त्यासाठी वेढ्याची हकिगत सांगायला हवी.

१२९६ साली इलाहाबादजवळच्या कड्याचा सुभेदार अलाउद्दीन काही हजार घोडेस्वार घेऊन दक्षिणेला निघाला. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा त्याचा काका आणि सासरा सुलतान जलालुद्दीन होता. आपण देवगिरीवर चाललो आहोत हे अलाउद्दीनने त्याला कळू दिले नाही. आपल्या वऱ्हाडातल्या अचलपूरला, तेव्हाच्या एलिचपूरला, तो थांबला. तिथे त्याने पसरवले की आपण सुलतानावर रुसून दुसऱ्या राजाच्या चाकरीला निघालो आहोत. रामदेवरावाचे मुख्य सैन्य मुलगा शंकरदेव याच्याबरोबर बाहेर गेलेले होते. अलाउद्दीन अचानक येऊन धडकला. गाव लुटले गेले आणि राजा डोंगरावरच्या किल्ल्यात अडकला. अलाउद्दीनने आणखी एक हूल उठवली. ही तर नुसती आघाडी आहे, मागून सुलतानाची २० हजार घोडदळाची फौज येते आहे.

खंडणी ठरली. तेवढ्यात शंकरदेव परतला आणि बापाचा सल्ला न मानता लढला. त्याचे पारडे जड होत असताना अलाउद्दीनचा सरदार नुसरत खान किल्ल्याजवळ ठेवलेली तुकडी घेऊन दौडत आला. उडालेली धूळ पाहून यादव सैन्याला वाटले, ती २० हजारांची फौज आली. सैन्य फुटले. तरी किल्ला होता, आणि किल्ल्यात धान्याची पोती होती. ती उघडली तर आत मीठ निघाले. कोकणातले व्यापारी वाटेत टाकून गेलेली पोती धान्य समजून घाईघाईत वर नेली होती. राजाला शरण जावे लागले. प्रचंड खंडणी द्यावी लागली आणि एलिचपूर भागाचा महसूलही तोडून द्यावा लागला.

मिठाची गोष्ट फरिश्ता या इतिहासकाराने लिहिली आहे. तो विजापूरच्या दरबारी होता आणि घटनेनंतर सुमारे ३०० वर्षांनी लिहीत होता. फौजेचे आकडेही जुन्या ग्रंथांत वेगवेगळे आहेत. म्हणून भाच्याने मुलांना सांगितले, "ही गोष्ट अशी सांगतात, एवढेच लक्षात ठेवा."

आमच्या खेळात दादींनी बोटाच्या पेराएवढ्या पोटल्या शिवल्या. काहींत तांदूळ, काहींत मीठ. बाहेरून सगळ्या सारख्या. कशात काय आणि किती, हे फक्त पंचाला माहीत, आणि पंच दादी. किल्लेदाराने दर चालीला एक पोटली उघडायची. तांदूळ निघाला तर ठीक, मीठ निघाले तर दोन शिपाई बाद, आणि तिसऱ्यांदा मीठ निघाले की तहाची बोलणी. वेढा घालणारासुद्धा सुखात नव्हता. आठव्या चालीनंतर त्याचा दर वेळी एक घोडा कमी. घरापासून लांब आहे, काकाला सुगावा लागेल, आजूबाजूचे राजे मदतीला येतील. नुसरत खानासाठी आम्ही दोन वाट्या उपड्या ठेवल्या. एकीखाली दहा चिंचोके, दुसरीखाली काहीच नाही. वाटी पुढे सरकली की किल्लेदाराने ती उचलायच्या आधी ठरवायचे, लढायचे की मागे हटायचे.

पोटल्या बांधायला दादींनी खिडकीतून समोरच्या मुलाला हाक मारली. "अरे, दोन हात कमी पडताहेत, ये जरा." आजीने बोलावल्यावर तो कसला थांबतो? आला आणि मांडी घालून बसला. आमच्या धाकट्याने मान वर केली नाही, पण दोरा पुढे केला.

आता आमची चूक सांगतो. कोणी कोणत्या बाजूने खेळायचे ते चिठ्ठीने ठरणार होते. आमच्या मनात होते की आपल्या मुलाच्या हाती रामदेवराव यावा. मित्राने पाहावे की आमचा मुलगा देवगिरीसाठी लढतो आहे. आमच्यापैकी एकाने, कोणी ते विचारू नका, रामदेवरावाच्या चिठ्ठीचा कोपरा किंचित दुमडला आणि धाकट्याला खूण केली. दादींनी ते पाहिले. काही न बोलता त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या फाडल्या, नव्या लिहिल्या आणि पदराखाली धरल्या.

धाकट्याने चिठ्ठी उघडली. अलाउद्दीन.

त्याचा चेहरा उतरला. "मी नाही होणार," तो म्हणाला आणि उठायला लागला.

मित्र सहज म्हणाला, "दे इकडे. मी होतो अलाउद्दीन. मले काय फरक पडते?"

त्या एका वाक्याने आमचे डोळे उघडले. त्याला खरेच काही फरक पडत नव्हता. अलाउद्दीन झाला तरी गल्लीत त्याला कोणी काही म्हणणार नव्हते. आमच्या मुलाला मात्र खेळातसुद्धा ते नाव घ्यायची धास्ती होती. आणि ती धास्ती घालवायचे सोडून आम्ही चिठ्ठीचा कोपरा दुमडत बसलो होतो.

दादी म्हणाल्या, "नाही. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. आज हा, उद्या तू."

खेळ सुरू झाला. धाकट्याने घोडे चादरीच्या काठालाच उभे ठेवले. पहिली चाल गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. तो मुद्दाम हरत होता. मित्राने दोन पोटल्या उघडल्या, तांदूळ खाल्ले, आणि तिसऱ्या चालीला वैतागला.

"नीट खेळ ना बे! असं जिंकून काय फायदा?"

महिनाभरानंतर दोघांमधले हे पहिले वाक्य. धाकटा थोडा वेळ माठाच्या डोंगराकडे पाहत राहिला. मग त्याने एक वीत मोजून पहिला चिंचोका पुढे सरकवला.

पुढची दोन तास आम्हाला कोणी विचारले नाही. आगपेट्यांची वस्ती गेली. शंकरदेवाचे पिवळे फेटे चादरीच्या दुसऱ्या टोकाने आले आणि निळ्यांना मागे रेटत निघाले. मित्राचा फासा चांगला पडत होता. तेव्हा धाकट्याने एक वाटी उचलल्यासारखी केली, परत ठेवली, आणि हळूच पुढे सरकवली. मित्र वाटीकडे पाहतो, धाकट्याच्या तोंडाकडे पाहतो. शेवटी म्हणाला, "मागं घेतो."

वाटी उचलली. खाली काहीच नव्हते. मित्राने कपाळाला हात लावला आणि दोघेही पोट धरून हसले. त्यानंतर लागोपाठ दोनदा मीठ निघाले. एकदा आधीच निघाले होते. वेढा संपला.

मित्र दादींवरच उखडला, "आजी, यायनं पोते वर न्यायच्या आधी उघडून नाही पाह्यले काय?"

"घाईत होते बाळा," दादी म्हणाल्या. "घाईत कोणी उघडत नाही."

सरबत पिताना भाच्याने पुढची हकिगत सांगितली. देवगिरीची लूट घेऊन अलाउद्दीन कड्याला परतला. भेटायला आलेल्या जलालुद्दीनला त्याने त्याच वर्षी मारवले आणि त्या पैशावर सैन्य विकत घेऊन तो तख्तावर बसला. पुढे देवगिरीहून खंडणी येईना, तेव्हा मलिक काफूरच्या फौजेने रामदेवरावाला दिल्लीला नेले. तिथे अलाउद्दीनने त्याला रायरायान हा किताब दिला, मानाने परत पाठवले आणि राज्यावर कायम ठेवले. १३०९ मध्ये दिल्लीची फौज वरंगळवर निघाली, तेव्हा तिला रसद पुरवणाऱ्यांत हाच रामदेवराव होता.

मित्र बराच वेळ विचार करत होता. "त्यानं आपल्या काकालेच मारलं?"

"हो."

"मग तो कोणाचाच नव्हता ब्वा."

आमच्या धाकट्याचा प्रश्न महिनाभर आमच्या घरात पडून होता. त्याचे उत्तर समोरच्या घरातून आले.

वाचकहो, याचा चुकीचा अर्थ काढू नये. लुटीला लूटच म्हणावे. देवगिरीच्या पायथ्याशी ज्यांची घरे गेली त्यांचे दुःख खरे होते. अलाउद्दीन मुसलमान होता म्हणून आपण त्याची बाजू घेण्याचे कारण नाही, आणि तो मुसलमान होता म्हणून आपल्या सातवीतल्या मुलाने मान खाली घालण्याचेही कारण नाही. त्या वेढ्याचा हिशेब ७०० वर्षांनंतर दिग्रसच्या गल्लीत कोणी कोणाला मागू नये. आपण मात्र उगाच सफाई देत बसतो. आमचा नव्हता तो, असे म्हणतो. मूल ते ऐकते आणि समजते की काहीतरी आपल्याकडे निघतच असावे, त्याशिवाय अम्मी-अब्बा एवढे का घाबरले?

दुसऱ्या दिवशी बाजू बदलल्या. आमचा मुलगा किल्ल्यात बसला आणि मित्राने बाहेरून वेढा घातला. धाकट्याच्या पोटल्यांत तांदूळ जास्त निघाले आणि तो तगला. रात्री जेवताना तो म्हणाला, "किल्ल्यात बसलं की फार भीती वाटते. पुढच्या पोत्यात काय आहे ते कळतच नाही." आम्ही त्याला एवढेच म्हणालो की डोंगरावर अडकलेल्या माणसांनाही असेच वाटले असेल.

हा खेळ घरी करून पाहायचा असेल तर दोन गोष्टी सांभाळा. पंच असा नेमा की ज्याचे दोन्हीकडची मुले ऐकतील. आणि बाजू नेहमी चिठ्ठीने ठरवा, दुसऱ्या डावाला बदला. आपल्या मुलाला कोणती बाजू शोभेल याचा विचार मोठ्यांनी करू नये. मुलगीही खेळू शकते. आमची पुतणी तिसऱ्या दिवशी आली आणि तिने रिकामी वाटी इतक्या शांतपणे सरकवली की दोघेही फसले.

एका खेळाने जग बदलत नाही, हे आम्हालाही कळते. शाळा उघडली की कोणीतरी पुन्हा काहीतरी म्हणेल. कोणाच्या मोबाइलवरून एखादी गोष्ट येईल, कोणाच्या घरच्या गप्पांतून येईल, बाहेरून ती धान्याच्या पोत्यासारखीच दिसेल. त्या दिवशी मुलाला "उघडून पाहू" एवढे म्हणता आले तरी पुष्कळ झाले.

सध्या दोघांचे भांडण पुन्हा सुरू आहे. पावसात घोडा वीतभर चालेल की चार बोटे, यावरून. माठाचा डोंगर ओट्यावर वाळतो आहे, चिंचोके बिस्किटांच्या डब्यात आहेत, आणि दादींनी नव्या पोटल्या शिवायला घेतल्या आहेत. या वेळी कितींत मीठ घातले, ते त्या कोणालाच सांगत नाहीत.